दऱ्या, दर्या आणि ०.८२

मराठीत 'त्याला शिक्षा झाली' म्हटलं की तो तुरुंगात तरी जातो, नाहीतर वर्गाबाहेर तरी उभा राहतो. हिंदीत 'उसकी शिक्षा पूरी हुई' म्हटलं की त्याच्या हातात पदवी येते. अक्षरं तीच, लिपी तीच, संस्कृतातलं मूळही तेच. राग, चेष्टा, संसार, यातायात हे शब्दही असेच, सीमा ओलांडली की अर्थ बदलणारे. उलट 'पाऊस' आणि 'बारिश' यांच्यात एकही व्यंजन सामाईक नाही, पण भिजवतात दोन्ही सारखेच.

बहुभाषिक वाक्य-एम्बेडिंग मॉडेलकडून आपल्याला नेमकं हेच हवं असतं. पाऊस आणि बारिश त्याने शेजारी बसवावेत, आणि एकसारख्या दिसणाऱ्या दोन शिक्षा एकमेकींपासून लांब ठेवाव्यात. एक वाक्य आत जातं आणि आकड्यांची ठरावीक लांबीची माळ बाहेर येते. मॉडेलनुसार त्या माळेत ३८४, ७६८ किंवा १०२४ आकडे असतात. हा त्या वाक्याचा व्हेक्टर, आपल्या पाठ्यपुस्तकातला सदिश. दोन सदिशांमधल्या कोनाचा कोसाइन काढला की एक आकडा मिळतो. तो १ च्या जितका जवळ, तितकी वाक्यं अर्थाने जवळ, असं आपण धरून चालतो. हे 'धरून चालणं' कुठवर खरं आहे, हे मराठी वाचणाऱ्याने स्वतः तपासायला हवं, कारण मॉडेल बनवणाऱ्यांपैकी बहुतेकांना 'शिक्षा' या शब्दाची गंमत माहीत असण्याचं कारण नाही.

आधी ही जवळीक येते कुठून ते पाहू. फेसबुकच्या संशोधकांनी २०१८-१९ मध्ये लेझर हे मॉडेल आणलं. ९३ भाषांसाठी एकच एन्कोडर, म्हणजे वाक्याचा व्हेक्टर बनवणारा भाग, आणि १०२४ आकड्यांचा व्हेक्टर. तो शिकला भाषांतर करता करता: वाक्य एका व्हेक्टरमध्ये कोंबायचं आणि तेवढ्याच शिदोरीवर दुसऱ्या भाषेत पुन्हा उभं करायचं. गूगलचं लॅब्से २०२० चं, १०९ भाषांचं, ७६८ आकड्यांचं. त्याची तालीम वेगळी होती. वाक्यांचा एक गठ्ठा द्यायचा आणि प्रत्येक वाक्याला त्या गठ्ठ्यातून स्वतःचं भाषांतर ओळखायला लावायचं. खरी जोडी जवळ ओढायची, बाकीच्यांना दूर ढकलायचं. यासाठी सुमारे ६०० कोटी भाषांतरित जोड्या आणि १७०० कोटी एकभाषी वाक्यं वापरली गेली. तिसरी वाट रायमर्स आणि गुरेविच यांची, तीही २०२० चीच. तिच्यात चांगलं शिकलेलं इंग्रजी मॉडेल शिक्षक होतं. इंग्रजी वाक्याला शिक्षक जिथे ठेवतो, तिथेच विद्यार्थी मॉडेलने ते वाक्य आणि त्याचं मराठी, तुर्की किंवा जर्मन भाषांतर ठेवायचं. आज सर्रास वापरलं जाणारं पॅराफ्रेज-मल्टिलिंग्वल-मिनीएलएम याच वाटेने आलं आहे.

वाटा तीन, पण कच्चा माल एकच आणि तो म्हणजे भाषांतर. लेखाच्या शेवटापर्यंत ही एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ तिथेच सापडतं. भाषांतरात जे टिकतं ते या मॉडेलांना नीट कळतं, आणि भाषांतरात जे गळतं ते त्यांच्या हातूनही गळतं.

मॉडेल निवडताना काम काय आहे ते आधी स्वतःला विचारावं. दोन भाषांतल्या मजकुरांच्या ढिगाऱ्यातून एकमेकांची भाषांतरं शोधायची असतील, तर लॅब्से अजूनही भरवशाचं आहे. भारतीय भाषांसाठी २०२१ मध्ये 'समानंतर' हा संग्रह तयार झाला. ११ भाषा आणि इंग्रजी यांच्यातल्या सुमारे ५ कोटी जोड्या त्यात आहेत, आणि त्यातल्या नव्याने खणून काढलेल्या जोड्यांसाठी लॅब्सेच वापरलं गेलं. पण 'ही दोन वाक्यं भाषांतरं नाहीत, तरी आशयाने किती जवळ आहेत?' अशा तर-तम प्रश्नाला लॅब्से कमी पडतं. ते खरी जोडी ओळखायला शिकलंय, जवळीकीच्या पायऱ्या लावायला नाही. तिथे पॅराफ्रेज घराण्यातली मॉडेलं बरी. भारतीय भाषांपुरतं काम असेल तर पुण्याच्या एल३क्यूब गटाचं इंडिक-एसबर्ट, जे मराठीसह १० भारतीय भाषांसाठी आहे, तेही लावून पाहावं. प्रश्न छोटा आणि उत्तराचा उतारा मोठा, अशा शोधासाठी मल्टिलिंग्वल ई५ किंवा बीजीई-एम३ घ्यावं. आणि कुठलंही मॉडेल उतरवण्याआधी त्याच्या भाषांच्या यादीत मराठी आहे का ते पाहावं. 'मल्टिलिंग्वल' या शब्दावर जाऊ नये. गूगलचंच बहुभाषिक युनिव्हर्सल सेन्टेन्स एन्कोडर १६ भाषांचं आहे, आणि त्यात मराठीही नाही, हिंदीही नाही.

ई५ बद्दल एक सूचना वेगळी द्यायला हवी, कारण तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. या मॉडेलला प्रत्येक मजकुराच्या आधी 'क्वेरी' किंवा 'पॅसेज' हा शब्द, पुढे विसर्गचिन्हासारखं कोलन आणि एक मोकळी जागा, असा उपसर्ग द्यावा लागतो. मजकूर मराठी असला तरी उपसर्ग इंग्रजीत, रोमन लिपीतच. शोधाच्या कामात प्रश्नाला पहिला आणि उताऱ्याला दुसरा. दोन वाक्यांची तुलनाच करायची असेल तर दोघांनाही पहिलाच. उपसर्ग विसरला तर काही अडत नाही, चूक दाखवणारा संदेशही येत नाही, फक्त निकाल खालावतात. अशा मुकाट चुका सगळ्यात महाग पडतात.

तशीच दुसरी मुकाट चूक लांबीची. मिनीएलएमची मर्यादा १२८ टोकन आहे. टोकन म्हणजे मॉडेल वाचतं ते शब्दांचे तुकडे, आणि ते पाडणारा प्रोग्रॅम म्हणजे टोकनायझर. त्यापुढचा मजकूर मॉडेल न सांगता कापून टाकतं. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा आपला एक शब्द, पण टोकनायझर त्याचे चार-सहा तुकडे करतो. त्यामुळे तोच आशय इंग्रजीत मर्यादेत बसतो आणि मराठीत शेपूट तुटते. मराठीत क्रियापद शेवटी, 'नाही'ही शेवटी. म्हणजे तुटते ती नेमकी कणा असलेली बाजू. म्हणून एन्कोड करण्याआधी आपल्या मजकुराची टोकन-संख्या मोजून पाहावी, आणि मर्यादेबाहेरचे उतारे वाक्यांत तोडावेत. तोडताना हिंदी वाक्य दंडाने संपतं आणि मराठी पूर्णविरामाने, हे तोडणाऱ्या प्रोग्रॅमला सांगावं लागतं. 'डॉ.', 'कि.मी.', 'इ.स.' यांमधला बिंदू म्हणजे वाक्याचा शेवट नव्हे, हेही.

आता मजकुराच्या स्वच्छतेकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठीपुरतं हे काम दुसरं कुणी आपल्यासाठी करणार नाही.

'दऱ्या' हा शब्द घ्या. डोंगराच्या दऱ्या. यातला अर्धा र, चंद्रकोरीसारखा दिसणारा, संगणकात दोन मुख्य रीतींनी लिहिला जातो. एक रीत म्हणजे युनिकोडमधला स्वतंत्र ऱ, क्रमांक ०९३१, त्याला हलन्त आणि पुढे य. दुसरी रीत म्हणजे साधा र, हलन्त, आणि त्यानंतर झीरो-विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखी दिसतात. पण गूगलच्या बर्ट या आधीच्या भाषा-मॉडेलच्या पद्धतीचा टोकनायझर, आणि लॅब्सेचा टोकनायझर त्याच पद्धतीचा आहे, न दिसणारी नियंत्रक चिन्हं कचरा समजून काढून टाकतो. जॉइनर गेला की उरतं र, हलन्त, य. म्हणजे 'दर्या'. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. 'आचाऱ्यास' पाठवलेला निरोप 'आचार्यास' पोचतो तो असाच. व्याकरणाच्या तासाला मजेने सांगितलेली ही उदाहरणं इथे अक्षरशः घडतात, आणि कुठेही लाल अक्षरात काही उमटत नाही.

एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनरूपं एकसारखी करणारं युनिकोडचं नेहमीचं एनएफसी प्रमाणीकरण इथे निम्मंच कामाला येतं. र आणि नुक्ता असे सुटे लिहिलेले असतील तर ते त्यांचा ऱ करतं. जॉइनरवाल्या रूपाला मात्र हात लावत नाही. म्हणून एनएफसीच्या आधी स्वतःची एक ओळ लिहावी: र, हलन्त, जॉइनर हा क्रम दिसला की त्याच्या जागी ऱ आणि हलन्त. मग उरलेले जॉइनर काढले तरी चालतात. 'ॲप'चंही तसंच. कुणी स्वतंत्र ॲ वापरतं, कुणी अ वर चंद्र देतं, कुणी हिंदी कळफलकावरचा ऍ घेतं. युनिकोडच्या लेखी ही तीन वेगळी रूपं आहेत आणि एनएफसी ती एकत्र आणत नाही. एक रूप ठरवावं आणि बाकीची त्यात बदलावीत.

याहून मोठी नासाडी 'अनकेस्ड' मॉडेल करतात. कॅपिटल अक्षरं लहान करताना ती अक्षरांवरची उच्चारचिन्हंही उतरवतात. फ्रेंचसाठी ठीक असेलही, पण युनिकोडच्या वर्गवारीत आपला उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त त्याच खणात मोडतात. 'मुले खेळू लागली' याचं आत जाईपर्यंत 'मल खळ लागली' झालेलं असतं. काना आणि वेलांट्या दुसऱ्या खणात, म्हणून त्या वाचतात. मजकुरातले चार-पाच शब्द टोकनायझरमधून काढून, पुन्हा जोडून, डोळ्यांनी वाचावेत. दोन मिनिटांचं काम आहे आणि मॉडेलच्या माहितीपानावर नसलेलं बरंच काही त्यात कळतं.

मजकूर शुद्ध झाला, व्हेक्टर काढले, प्रत्येकाची लांबी १ केली. लांबी १ केली की नुसता गुणाकार-बेरीज म्हणजेच कोसाइन. १ लाख वाक्यं, ७६८ आकडे, प्रत्येक आकडा ४ बाइटचा. सगळे मिळून सुमारे ३०७ एमबी. इतक्यासाठी कुठलाही खास डेटाबेस लागत नाही. प्रत्येकाची प्रत्येकाशी सरळ तुलना करावी. १० लाखांपुढे, म्हणजे साधारण ३ जीबीच्या वर, जवळचे व्हेक्टर झटपट शोधणाऱ्या फाइससारख्या लायब्ररीचा विचार करावा.

मग येतो तो आकडा. समजा एका मराठी-इंग्रजी जोडीला ०.८२ मिळाले. हे भाषांतर आहे का?

नुसत्या ०.८२ वरून काहीच सांगता येत नाही. आधी मॉडेल कोणतं ते पाहावं. ई५ चे गुण त्याच्या तालमीच्या रीतीमुळे ०.७ ते १ च्या पट्ट्यातच दाटीने बसतात. तिथे ०.८२ हे परक्या वाक्यालाही मिळू शकतात. एका मॉडेलवर ठरवलेला उंबरठा, म्हणजे ज्याच्या वरची जोडी मान्य करायची तो आकडा, दुसऱ्या मॉडेलला लावणं म्हणजे फुटपट्टी बदलून जुनाच आकडा वाचणं. आणि मॉडेल तेच असलं तरी वाक्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांवर बरंच अवलंबून असतं. काही वाक्यं अशी असतात की ती सगळ्यांच्याच जवळची ठरतात. 'अधिक माहिती खाली दिली आहे', 'हो, चालेल', किंवा एका शब्दाचं शीर्षक. बहुमिती अवकाशात असे अड्डे तयार होतात आणि शंभर वेगळ्या वाक्यांचा पहिला शेजारी म्हणून तेच ते पुढे येतात.

यावरचा उपाय आर्टेचे आणि श्वेंक यांनी २०१९ मध्ये मांडला, आणि माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातली ती सर्वांत शहाणी युक्ती आहे. आकडा तसाच न घेता तो शेजाऱ्यांच्या तुलनेत घ्यायचा. मराठी वाक्याचे इंग्रजीतले सर्वांत जवळचे ४ शेजारी काढा, त्यांच्या कोसाइनची सरासरी घ्या. इंग्रजी वाक्याचे मराठीतले ४ शेजारी काढा, त्यांचीही सरासरी घ्या. या दोन सरासऱ्यांच्या सरासरीने जोडीच्या कोसाइनला भागा. समजा ०.८२ वाल्या जोडीच्या शेजाऱ्यांच्या सरासऱ्या ०.७९ आणि ०.८० आल्या. भागाकार १.०३. म्हणजे हे वाक्य सगळ्यांशीच इतपत जवळ आहे, यात विशेष काही नाही. दुसरी एक जोडी नुसत्या ०.७१ ची आहे, पण तिच्या सरासऱ्या ०.५२ आणि ०.५६. भागाकार १.३१. बाकी गर्दीपासून उठून एकमेकींकडे वळलेली ही दोन वाक्यं आहेत, आणि भाषांतर असण्याची शक्यता इथेच जास्त. लेझर वापरून विकिपीडियातून जोड्या काढणाऱ्या विकिमॅट्रिक्सने हा उंबरठा १.०४ ठेवला होता, आणि अख्ख्या वेबवरून काढणाऱ्या सीसीमॅट्रिक्सने १.०६. सुरुवातीला हे आकडे घ्यायला हरकत नाही, पण शेवटचा उंबरठा आपल्याच मजकुरावर बसवावा.

सगळ्या भाषांची वाक्यं एकाच टोपलीत टाकून शोध घेतला तर आणखी एक गोष्ट दिसते. मराठी प्रश्नाला वरची दहाही उत्तरं मराठीच येतात, आणि नेमकं उत्तर असलेलं इंग्रजी वाक्य पंधराव्या जागी. व्हेक्टरमध्ये अर्थाबरोबर भाषेचा वासही शिल्लक असतो. साधा उपाय म्हणजे प्रत्येक भाषेत वेगळा शोध घ्यायचा आणि याद्या नंतर एकत्र करायच्या. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक भाषेच्या काही हजार वाक्यांचा सरासरी व्हेक्टर काढून तो त्या भाषेच्या प्रत्येक वाक्यातून वजा करायचा आणि लांबी पुन्हा १ करायची. मात्र ती काही हजार वाक्यं संमिश्र विषयांची हवीत. मराठीचा गठ्ठा सगळा हवामानाचा आणि इंग्रजीचा सगळा क्रीडेचा असेल, तर वजाबाकीत विषयही धुऊन निघतो.

इथवर सगळं नीट केलं तरी एक चूक उरतेच. 'समितीने प्रस्ताव मंजूर केला' आणि 'समितीने प्रस्ताव मंजूर केला नाही' ही दोन वाक्यं या मॉडेलांना सख्खी भावंडं वाटतात. 'वाघाने माणसाला मारलं' आणि 'माणसाने वाघाला मारलं' हीसुद्धा. कारण तालमीतच आहे. गठ्ठ्यातून आपलं भाषांतर ओळखायचं होतं, आणि त्या गठ्ठ्यातली बाकीची वाक्यं भलत्याच विषयांवरची होती. समिती, प्रस्ताव, मंजूर एवढं जुळलं की काम भागत होतं. त्याच वाक्याचा नकार समोर बसलेला क्वचितच असायचा, मग 'नाही'चं वजन शिकणार कधी? आकड्यांचंही तेच. १२५० आणि १२५०० यांतला फरक व्हेक्टरमध्ये फारसा उमटत नाही.

म्हणून जोडी मान्य करण्याआधी साध्या नियमांची चाळणी लावावी. देवनागरी आणि इंग्रजी अंक एका रूपात आणून दोन्ही बाजूंचे आकडे जुळतात का ते पाहावं. मराठीसाठी मात्र तेवढ्याने भागत नाही. 'अडीच लाख' यात अंक एकही नाही, आणि इंग्रजी बाजूला २,५०,००० लिहिलेले असतात. सव्वा, दीड, अडीच, पाऊण, पावणे आणि साडे यांचा एक छोटा कोश हाताने बनवावा. सव्वाशे म्हणजे १२५, पावणेदोनशे म्हणजे १७५. याला एक बैठक पुरते. नकारासाठी नाही, नाहीत, नको, नव्हता, नसेल, न आणि 'विना' एवढ्यांवर नजर ठेवावी. एका बाजूला नकार आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशी जोडी आपोआप नाकारू नये, वाचायला बाजूला काढावी. 'गेल्याशिवाय राहणार नाही' म्हणजे जाणारच, आणि असे दुहेरी नकार आपण दिवसभर बोलतो.

शेवटी चाळणीतही न सापडणारी एक गोष्ट. 'आम्ही उद्या निघू' आणि 'आपण उद्या निघू'. पहिल्यात ऐकणारा मागे राहतो, दुसऱ्यात तो बरोबर येतो. इंग्रजीत दोन्हींना एकच सर्वनाम, हिंदीत दोन्हींना 'हम'. मॉडेलने लाखो जोड्यांत पाहिलं की आम्ही आणि आपण या दोघांचं भाषांतर एकच होतं, म्हणून दोघांना शेजारी आणून बसवलं. त्याच्या तालमीच्या हिशेबाने ते अगदी बरोबर वागलं. 'आली का?' यातली ती, 'आलात का?' मधला आदर, यांच्याही बाबतीत थोड्याफार फरकाने असंच होतं. आणि 'ऐन वेळी त्याने हात वर केले' याचा जवळचा शेजारी म्हणून खरोखरच हात उंचावणारा कुणीतरी इंग्रजी वाक्यात सापडतो. हा फरक ज्या कामात महत्त्वाचा असेल, उदाहरणार्थ संवादांचं भाषांतर तपासणं, तिथे एम्बेडिंगच्या आकड्यावर निर्णय सोपवू नये.

आपल्या मजकुरासाठी उंबरठा ठरवायला २०० जोड्यांचा संच पुरेसा होतो. ८० खरी भाषांतरं, ४० अगदीच परकी, आणि उरलेल्या ८० मुद्दाम अवघड केलेल्या: नकार उलटवलेला, आकडा बदललेला, कर्ता-कर्म अदलाबदल, शिक्षा-शिक्षा, आम्ही-आपण. या अवघड ८० जोड्या दोन्ही भाषा रोज वापरणाऱ्यानेच लिहाव्यात; भाषांतर-यंत्राकडून करून घेतल्या तर यंत्राला जे दिसत नाही तेच त्यातूनही वगळलं जातं. मग संचातल्या प्रत्येक जोडीचा गुण काढावा, पण वाचणाऱ्यापासून तो झाकून ठेवावा. दोन वाक्यं शेजारी ठेवून त्याने आधी फक्त 'हो' किंवा 'नाही' लिहायचं. सगळ्या २०० जोड्या झाल्या की मगच आकड्यांचा स्तंभ उघडायचा.